जपानमध्ये इंग्रजी शिकवण्यापासून सॉफ्टवेअरच्या नोकरीपर्यंत: रस्ता कसा आहे आणि तो अडतो कुठे?

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचे, दोन-तीन वर्षे तो देश पाहायचा, तिथली भाषा शिकायची आणि मग तिथल्याच एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरायची. जगभरातले अनेक तरुण असा बेत आखतात आणि त्यात जपानचे नाव हमखास येते. बेत अशक्य नाही. मात्र तो अडतो ती जागा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा वेगळी असते. प्रोग्रॅमिंग घरी बसून शिकता येते. निवास परवान्यावर लिहिलेला कामाचा प्रकार घरी बसून बदलत नाही, आणि ऑफिसात चालेल इतकी जपानी भाषा आपोआप येत नाही, मग तिथे पाच वर्षे राहिले तरी.

हा लेख त्या दोन गोष्टींविषयी आहे. सुरुवात मात्र एका गावापासून करू, कारण शिकवणे आणि तंत्रज्ञान या दोन्ही बाबतींत त्या गावाचे नाव निघते.

एक गाव, दोन ओळखी

पश्चिम जपानमध्ये शिमाने प्रांतात मात्सुए नावाचे शहर आहे. किल्ला, तळे आणि बऱ्यापैकी पाऊस. १८९० साली तिथल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला लाफकादिओ हर्न नावाचा लेखक-पत्रकार आला. ग्रीसमधल्या एका बेटावर जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला, अमेरिकेत वर्तमानपत्रांत काम केलेला हा माणूस एका अमेरिकी मासिकासाठी लिहायला म्हणून जपानला आला होता. ते काम लगेचच सुटले आणि पोटापाण्यासाठी त्याने शिक्षकाची नोकरी धरली. थोडक्यात, इंग्रजी येते एवढ्या भांडवलावर जपानमध्ये टिकणाऱ्या परदेशी माणसाचा हा जुना नमुना आहे.

हर्न मात्सुएत सव्वा वर्षच राहिला. तिथली थंडी त्याला सोसली नाही. पण तिथेच त्याला कोइझुमी सेत्सु भेटली, तिच्याशी त्याने संसार मांडला, आणि १८९६ साली जपानी नागरिकत्व घेऊन तो कोइझुमी याकुमो झाला. पुढे कुमामोतो, कोबेतले वर्तमानपत्र आणि शेवटी टोकियोचे विद्यापीठ असा त्याचा प्रवास झाला. १९०३ साली विद्यापीठाने त्याला कमी केले, आणि त्याच्या जागी आलेल्यांत इंग्लंडहून शिकून परतलेले नात्सुमे सोसेकी होते. ज्याच्याकडून शिकून घेतले त्या परदेशी माणसाच्या जागी आपला माणूस तयार झाला की परदेशी माणसाची गरज संपते, हे जपानचे धोरण तेव्हापासूनचे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. चौदा वर्षे राहूनही हर्नला जपानी नीट लिहिता-वाचता येत नव्हते. घरात तो आणि सेत्सु मोडक्यातोडक्या, व्याकरण गाळलेल्या जपानीत बोलत. सेत्सुने सांगितलेल्या भुताखेतांच्या गोष्टींवरच त्याचे 'क्वाइदान' हे प्रसिद्ध पुस्तक उभे आहे. त्याला सेत्सु मिळाली. सगळ्यांना मिळत नाही.

त्याच मात्सुएत आज युकिहिरो मात्सुमोतो राहतात. 'रुबी' ही प्रोग्रॅमिंग भाषा त्यांनी तयार केली आणि १९९५ साली ती जगासमोर आली. २००६ साली शहराने 'रुबीचे गाव' ही आपली ओळख करायची ठरवले, रेल्वे स्टेशनसमोर प्रोग्रॅमरांना जमण्यासाठी जागा करून दिली, आणि २००९ पासून तिथे रुबीची आंतरराष्ट्रीय परिषद भरते आहे. तरुण मुले टोकियोला निघून जातात, ही जपानी खेड्यांची आणि लहान शहरांची मोठी चिंता. तिच्यावर मात्सुएने शोधलेला हा उपाय.

शिकवण्याच्या नोकऱ्या: सगळ्या सारख्या नसतात

जपानमध्ये परदेशी माणसाला इंग्रजी शिकवायची असेल तर सर्वात मानाची वाट म्हणजे 'जेट' कार्यक्रम. तो १९८७ साली अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतल्या ८४८ जणांना घेऊन सुरू झाला. २०१९ साली त्यात ५७ देशांतले ५,७६१ जण होते, त्यांतले निम्म्याहून अधिक अमेरिकी. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक 'एएलटी' म्हणजे सहायक भाषाशिक्षक म्हणून जातात. उरलेले बहुतेक स्थानिक सरकारी कार्यालयांत आंतरराष्ट्रीय संबंधांचे काम पाहतात, आणि त्यासाठी चांगली जपानी यावी लागते. अर्जाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. विमानाचे भाडे नेमणूक करणारी संस्था देते. पगार बरीच वर्षे पहिल्या वर्षाला ३३,६०,००० येन होता, २०२५ पासून तो ४०,२०,००० येन झाला. करार एकेका वर्षाचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढणारा. अर्ज आपल्या देशातल्या जपानी दूतावासामार्फत करायचा असतो, आणि त्या वर्षी कोणत्या पदांची भरती आहे हे दूतावासच जाहीर करतो.

दुसरी वाट खासगी कंत्राटदार कंपन्यांची. अनेक नगरपालिका स्वतः एएलटी न नेमता अशा कंपन्यांकडून माणसे घेतात. इथे पगार साधारण महिन्याला दोन ते अडीच लाख येनच्या आसपास असतो, आणि शाळेला सुट्टी असलेल्या महिन्यांत तो कापला जाण्याची पद्धत अनेक करारांत आहे. करार आठवड्याला साडेएकोणतीस तासांचा दाखवायचा, म्हणजे तीस तासांची रेषा ओलांडली जात नसे आणि सामाजिक विम्याचा प्रश्न टाळता येई, ही युक्तीही जुनीच. त्यात एक गमतीशीर अडचण होते. करार 'काम ठरवून दिलेले' अशा प्रकारचा असेल, तर कायद्याने वर्गातला जपानी शिक्षक एएलटीला थेट सूचना देऊ शकत नाही, कारण तो त्याचा मालक नव्हे. दोघांनी मिळून तास घ्यायचा, पण एकाने दुसऱ्याला काही सांगायचे नाही!

तिसरी वाट 'एइकाइवा' म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या खासगी शिकवण्या. विद्यार्थी नोकरदार, निवृत्त आजी-आजोबा, शाळकरी मुले. कामाची वेळ दुपारी सुरू होऊन रात्री नऊपर्यंत. कामाच्या दृष्टीने ही वाट सर्वात दमवणारी, पण पुढे आयटीकडे वळायचे असेल तर कागदोपत्री तीच सोपी. ते कसे, ते पुढे.

मागणी का आहे? २०११ पासून जपानी प्राथमिक शाळांत पाचवी-सहावीला इंग्रजीची ओळख सुरू झाली. २०२० पासून ती तिसरीवर आली आणि पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुण दिला जाणारा रीतसर विषय झाला. वर्गशिक्षकांना इंग्रजी बोलण्याची सवय नाही, त्यामुळे सहायक हवेत. त्याच २०२० साली प्राथमिक शाळांत प्रोग्रॅमिंगची ओळखही सक्तीची झाली, पण त्यासाठी परदेशी सहायक बोलावण्याची गरज कुणाला वाटली नाही.

मराठी माध्यमाची अट

भारतीय अर्जदारांनी नोकरी शोधण्याआधी एक नियम नीट वाचायला हवा. शाळेत परदेशी भाषा शिकवणाऱ्याला 'शिक्षण' या प्रकारचा निवास परवाना लागतो. एएलटीसारख्या, म्हणजे पूर्ण शिक्षक नसलेल्या पदासाठी त्यात अट आहे: जी भाषा शिकवायची, त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे.

पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्याला ही अट जाचत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर अकरावी-बारावी आणि तीन-चार वर्षांची पदवी इंग्रजीतून झालेल्याची मात्र पाच-सहा वर्षेच भरतात. सेमी-इंग्रजीवाल्यांना ती १२ वर्षे कागदावर सिद्ध करणे अवघड जाते. इंग्रजी किती उत्तम येते याचा इथे संबंध नाही. एइकाइवाच्या परवान्याला ही १२ वर्षांची अट नाही, पण तिथे निवड शिकवणीचा मालक करतो, आणि अनेक मालकांना अमुक देशांचाच चेहरा आणि उच्चार हवा असतो. हे अन्यायाचे आहे, पण आहे.

परवान्यावर काय लिहिले आहे?

जपानमध्ये राहण्याचा परवाना म्हणजे 'तुम्ही इथे राहू शकता' एवढेच नव्हे. 'तुम्ही इथे हे काम करण्यासाठी राहू शकता' असा त्याचा अर्थ. 'शिक्षण' परवान्यावर असलेल्या एएलटीने शनिवार-रविवारी कुणाचे सॉफ्टवेअरचे काम पैसे घेऊन केले, तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते. ती न घेता केले तर पुढचे नूतनीकरण धोक्यात येते.

सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी ज्या परवान्यात बसते त्याचे नाव लांबलचक आहे: 'अभियंता, मानव्यविद्या तज्ज्ञ आणि आंतरराष्ट्रीय सेवा'. जपानी लोक त्याला तीन अक्षरांत 'गिजिन्कोकु' म्हणतात. पूर्वी हे दोन वेगळे परवाने होते, २०१५ मध्ये ते एकत्र केले. एइकाइवाचा शिक्षक याच परवान्याच्या 'आंतरराष्ट्रीय सेवा' भागात येतो आणि प्रोग्रॅमर 'अभियंता' भागात. म्हणून एइकाइवातून आयटीत गेल्यावर परवान्याचे नाव तेच राहते. एएलटीला मात्र परवाना बदलण्याचा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत नवे काम सुरू करता येत नाही.

नाव तेच राहिले तरी पात्रता तीच राहत नाही, आणि इथेच पुष्कळ जण गाफील राहतात. 'अभियंता' भागासाठी कामाशी संबंधित विषयाची पदवी किंवा दहा वर्षांचा अनुभव हवा. विद्यापीठाची पदवी असेल तर विषय आणि काम यांचा संबंध बघताना इमिग्रेशन खाते काहीशी सैल भूमिका घेते, पण इंग्रजी साहित्याच्या पदवीवर सर्व्हर सांभाळण्याची नोकरी दाखवली तर प्रश्न विचारले जाणारच. अशा वेळी नवी कंपनी धरण्यापूर्वी, हे काम माझ्या परवान्यात बसते असे प्रमाणपत्र इमिग्रेशनकडून मागून घेता येते. त्याचे नाव 'शूरो शिकाकु शोमेइशो'. ते सक्तीचे नाही, पण घेतलेले बरे. नोकरी बदलल्यावर १४ दिवसांत कळवणे मात्र सक्तीचे आहे. आणि नोकरी सोडून तीन महिने सबळ कारणाशिवाय नुसते बसून राहिले, तर परवाना रद्दही होऊ शकतो. 'आधी राजीनामा देतो, सहा महिने कोडिंग शिकतो, मग बघतो' हा बेत भारतात चालेल, जपानमध्ये नाही.

पदवी जुळत नसेल तर एक बाजूची वाट आहे. जपानच्या कायदा मंत्रालयाने काही आयटी परीक्षांची यादी केली आहे. त्यांतली एखादी उत्तीर्ण असेल तर पदवी किंवा दहा वर्षांच्या अनुभवाची अट लागत नाही. जपानची 'मूलभूत माहिती तंत्रज्ञ' परीक्षा या यादीत आहे. ती २०२३ पासून वर्षभरात कधीही संगणकावर देता येते, पण ती जपानीत असते. भारतीयांसाठी महत्त्वाचे म्हणजे त्याच यादीत आपल्याकडच्या 'डोएक', म्हणजे आताच्या 'नाइलिट' संस्थेच्या ए, बी आणि सी लेव्हलही आहेत. आपल्याकडे या परीक्षांना फारसे कुणी विचारत नाही.

उच्च कौशल्याचे गुण

२०१२ मध्ये जपानने परदेशी तज्ज्ञांसाठी गुणांची पद्धत आणली. ७० गुण झाले की सवलती, आणि २०१७ पासून ७० गुणवाल्याला तीन वर्षांत, ८० गुणवाल्याला एका वर्षात कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. एरवी त्यासाठी साधारण दहा वर्षे लागतात.

हिशेब करून पाहू. वय २८ असेल तर १५ गुण, पदव्युत्तर पदवीचे २०, संबंधित कामाच्या तीन वर्षांच्या अनुभवाचे ५, वर्षाला ५० लाख येन पगाराचे १५, आणि जपानी भाषेच्या 'एन १' परीक्षेचे १५. बेरीज बरोबर ७०. यातून 'एन १' काढा, ५५ उरले. पदव्युत्तरऐवजी साधी पदवी धरा, आणखी १० गेले. आणि 'संबंधित काम' या शब्दांकडे लक्ष द्या: शाळेत इंग्रजी शिकवलेली पाच वर्षे सॉफ्टवेअरच्या अनुभवात धरली जात नाहीत. त्या काळात वय मात्र वाढते, आणि तिशी ओलांडली की वयाचे गुण १५ वरून १० वर येतात. म्हणून माझे मत असे: आयटीत जायचे पक्के असेल तर एएलटीची वर्षे दोन, फार तर तीन. पाचव्या वर्षापर्यंत थांबणे सुखाचे वाटते आणि महागात पडते.

भाषा: आपल्याला वाटते त्यापेक्षा जवळची आणि त्यापेक्षा लांब

काही कंपन्यांत इंग्रजी चालते. राकुतेनने २०१० मध्ये कंपनीची भाषा इंग्रजी करण्याची घोषणा केली तेव्हा जपानमध्ये मोठी चर्चा झाली होती. पण अशा कंपन्या बहुतांशी टोकियोत आहेत आणि तिथे स्पर्धा जगभरातल्या अनुभवी लोकांशी असते. शिकवणे सोडून नव्याने आयटीत येणाऱ्याला पहिली संधी देते ती सहसा मध्यम आकाराची जपानी कंपनी, आणि ती जाहिरातीत 'एन २' मागते.

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा 'एन ५' पासून 'एन १' पर्यंत पाच पातळ्यांची आहे आणि जुलै व डिसेंबरमध्ये होते. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे केंद्रे आहेत. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे: रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि घरगुती वर्ग चालवणाऱ्या कितीतरी शिक्षिका. या परीक्षेत बोलण्याची आणि लिहिण्याची चाचणी नसते. त्यामुळे 'एन २' हातात आहे पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, अशी माणसे भरपूर भेटतात.

मराठी माणसाला जपानीची वाक्यरचना फार परकी वाटत नाही. 'मी शाळेत मुलांना इंग्रजी शिकवतो' हे वाक्य जपानीत 'वाताशी-वा गाक्को-दे कोदोमो-नि एइगो-ओ ओशिएमासु' असे होते. शब्दांचा क्रम तोच. शाळे'त'ला 'दे', मुलां'ना'ला 'नि', क्रियापद शेवटी. आपण 'खाऊन बघ' म्हणतो, तेही 'ताबेते मिरु' म्हणतात, आणि त्यातला 'मिरु' म्हणजे खरोखरच 'बघणे'. इंग्रजीभाषक एएलटीला हे समजायला महिने लागतात. अडचण येते ती लिपीत. रोजच्या वापरातल्या ठरवून दिलेल्या कांजींची संख्या २,१३६ आहे आणि तिथे मराठी काही मदत करत नाही.

शाळेतली वर्षे उपयोगी पडतात ती इथे. जपानी शाळेत शिक्षकांची खोली म्हणजे एक मोठे दालन, टेबलाला टेबल लावून सगळे बसलेले, मुख्याध्यापकांच्या खालचे पद असलेला माणूस सगळ्यांवर नजर ठेवून. जपानी ऑफिसही अगदी असेच असते. जेवण मुलांबरोबर वर्गात, त्यानंतर मुले-शिक्षक मिळून शाळा झाडायची. कुणाला किती मान देऊन बोलायचे, फोन कसा घ्यायचा, 'जरा अवघड आहे' म्हणजे 'नाही' हे कसे ओळखायचे, ही सगळी ऑफिसची भाषा इथे फुकट शिकायला मिळते. जपानी कंपन्यांत नव्या माणसाला 'होओरेन्सो' शिकवतात: वरिष्ठांना अहवाल द्या, कळवत राहा, विचारून घ्या. तीन शब्दांची पहिली अक्षरे जोडून झालेला हा शब्द पालकाच्या भाजीसाठीही आहे. (भाजीच्या. पालक सभेच्या नव्हे.) शाळेत दोन वर्षे काढलेल्याला तो अंगवळणी पडलेला असतो. थेट भारतातून आलेला हुशार प्रोग्रॅमर चूक स्वतःच निस्तरतो, कुणाला सांगत नाही, आणि वरिष्ठ का नाराज आहेत हे त्याला कळत नाही.

ही कमाई खरी आहे, पण मुलाखतीत ती आपणहून दिसत नाही. 'मी शिक्षक होतो' एवढे सांगून भागत नाही. नवख्या माणसाला अवघड गोष्ट समजावता येते, जपानी सहकाऱ्याबरोबर मिळून काम आखता येते, हे उदाहरण देऊन जपानीत सांगता आले पाहिजे.

पैशाच्या दोन गोष्टी

दुसऱ्या वर्षी हातात पडणारा पगार अचानक कमी होतो. कारण रहिवासी कर मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, त्यामुळे नव्याने आलेल्याला पहिल्या वर्षी तो भरावा लागत नाही. नोकरी बदलताना हा कर थकलेला असेल तर परवान्याच्या नूतनीकरणात विचारणा होते.

दुसरे पेन्शन. देश कायमचा सोडताना भरलेल्या पेन्शनचा काही भाग एकरकमी परत मिळतो, २०२१ पासून जास्तीत जास्त पाच वर्षांच्या हिशेबाने. पण भारत आणि जपान यांच्यात १ ऑक्टोबर २०१६ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, आणि त्यात दोन्ही देशांतली वर्षे एकत्र धरण्याची सोय आहे. एकरकमी पैसे उचलले की जपानमधली ती वर्षे पुसली जातात. पुन्हा जपानला जाण्याचा विचार असेल तर आधी हिशेब करावा.

उलट्या दिशेने

भारतीयांसाठी नेहमीचा क्रम वेगळाच राहिला आहे: आधी आयटी, मग बाकीचे. २००० सालच्या संगणक-तारखेच्या अडचणीच्या काळात भारतीय इंजिनिअर मोठ्या संख्येने टोकियोत आले आणि एदोगावा विभागातल्या निशिकासाई भागात राहू लागले. तिथून तोझाई लाइनने ओतेमाची-निहोनबाशीची बँकांची ऑफिसे जवळ पडत, आणि जामीनदार न मागणारी सार्वजनिक गृहसंस्थेची घरेही त्या भागात होती. परदेशी माणसाला टोकियोत घर मिळण्यात जामीनदार हीच मुख्य अडचण असते. पुढे जवळपास भारतीय शाळा निघाल्या, किराणा दुकाने आली.

पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक याच वस्तीतले. १९९७ साली ते विद्यार्थी म्हणून प्रथम जपानला गेले, २००१ पासून तिथे आयटी आणि बँकिंग क्षेत्रात काम केले, २०१२ मध्ये जपानी नागरिक झाले आणि एप्रिल २०१९ मध्ये एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. नंतर इबाराकी प्रांताने शाळांच्या मुख्याध्यापकपदासाठी शिक्षण खात्याबाहेरच्या लोकांकडून अर्ज मागवले. त्यातून पुराणिक यांची निवड झाली. २०२२ साली ते त्सुचिउरा इथल्या जुन्या, नावाजलेल्या सरकारी हायस्कूलचे उपमुख्याध्यापक झाले आणि २०२३ साली मुख्याध्यापक.